टॉर्चवाली आंटी

नाही, आत नका जाऊ इतक्यात, ताई — बसा नं इथं माझ्याजवळ, आत आता अंताक्षरी चालते, काही ऐकू येत नाही. तो फोन? तो शोभेचा, चकती फिरते, लागत कुठंच नाही. सगळं तसंच आहे इथं — रेडिओ ठेवला तो वाजत नाही, मागं स्पीकर लपवला आहे, आणि चहा देणारे बेलबॉटम घालून फिरतात. रेडिओग्राम क्लब म्हणे. जुना जमाना पाहिजे सगळ्याइले. आमचे हे तर सेक्रेटरीच झाले इथले — दिवाकरराव, पांढऱ्या सफारीतले, आत्ता माइकवर होते नं, तेच. मी शारदा, त्यांची मिसेस. दर शनिवारी यावंच लागते. मधातच उठून जावं म्हटलं तर हे नवा रायपूर — रस्ते एवढे मोठे, त्यावर एक ऑटो नाही. यांचं संपेपर्यंत बसा.

ती गोष्ट ऐकली तुम्ही? अर्धीच ऐकली असंन, आज यांना मधातच खोकला आला. पूर्ण अशी आहे — इथल्या जुन्या रायपूरमधल्या पुरानी बस्तीतल्या गणपतीत एक पोट्टी पेटीवर गाऊन राहिली होती, लाइट गेली, लोकं उठाले लागले, ती मात्र थांबली नाही. मग हे पुढं गेले आणि तिच्या पेटीवर टॉर्च धरला, गाणं संपेपर्यंत. हात भरून आला, पण खाली केला नाही. एवढं सांगतात आणि माझ्याकडं हात करतात — ‘वही लड़की, ये बैठी है।’ काय टाळ्या पडतात, बाप्पा. तेव्हापासून मी टॉर्चवाली आंटी.

आता तुमच्यापाशी बोलते — मी वर्ध्याची. लग्नाआधी रायपूर पाहिलं नव्हतं. आणि गाणं? आरतीतही मी नुसत्या टाळ्या वाजवते. इथं पहिल्यांदा आलो तेव्हा सगळ्या जोडप्यांना विचारलं, पहिली भेट सांगा. आमची काय होती? मी पोहे घेऊन आली, यांनी माझ्या वडिलांना परतीची गाडी विचारली. माइकवर सांगते का कोणी हे? मले वाटलं काहीतरी गंमत करून बसतील, तर हे टॉर्चचं सांगाले लागले. मी हसली. काय करणार — भर सभेत म्हणू, ती मी नाही? त्या दिवशी हसली, मग दर शनिवारी हसावंच लागलं. घरी विचारलं एकदा, कोण होती ती? तर म्हणे, लोकाइले आवडते नं, तुझं काय जाते, आणि टीव्ही लावला. अनिमेषनं, आमच्या पोरानं, त्या गोष्टीचा व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांत पाठवला. सून म्हणते, मम्मीजी, आपने कभी बताया नहीं। नात गाणं मागते. आता कोणाकोणाले सांगत फिरू?

पण खरं सांगू — ते सांगताना हे माझ्याकडं जसं पाहतात नं, तसं घरी कधीच नाही पाहिलं. घरी भाजीत मीठ कमी झालं की पाहतात, बीपीची गोळी मागताना पाहतात. हे पाहणं वेगळं. मले ठाऊक आहे ते माझ्यासाठी नाही. तरी मी आदल्या दिवशीच साडी काढून ठेवते. आणि — हसाल तुम्ही — मी गाणं शिकून राहिली. यांना माहीत नाही. आमच्याच पाऱ्यात, मोहल्ल्यातच, एक राधिका आहे, भजन शिकवते, दुपारी तिच्याकडं जाते. या वयात सा लावते. लागत नाही, ताई. ती बिचारी म्हणते, हव, आंटी, आ जाएगा। कोणाची तरी जागा घेऊन बसलं तर तिच्यासारखं थोडं तरी आलं पाहिजे नं.

तुम्ही आमच्या क्लबातल्या परागच्या आत्या, बिलासपूरच्या, हो नं? तुम्ही दारात उभ्या राहिल्या आणि यांचा शब्द गेला. खोकला नव्हता तो. एवढ्या शनिवारांत कधी अडकले नाहीत. आणि आज माझ्याकडं हात केलाच नाही. तुम्ही लगेच बाहेर निघाल्या, म्हणून मी मागं आली. तुम्हीच नं त्या?

हं.

रडू नका. राग नाही मले, तुम्ही काय केलं, गाणं म्हटलं. पण आत जाऊन बोलू नका काही, हात जोडते. तुमचं दोन शब्दांत होऊन जाईन, उद्या तुम्ही गाडीत बसाल. मले इथंच राहायचं आहे, याच लोकांत, याच माणसासोबत. किती वेळा वाटलं, कोणी यावं आणि खरं सांगून टाकावं, सुटली मी. आणि आज तुम्ही आल्या तर मीच तुम्हाले अडवून बसली. सुटून जाऊ कुठं? हे जे शनिवारचं पाहणं आहे, तेही गेलं तर मग घरी काय उरते?

काय म्हणता — कोणतं गाणं होतं ते? नका सांगू. यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी शिकून राहिली ते दुसरंच असंन. असू द्या.

ऐका, अंताक्षरी थांबली. माइकवर दुसरंच कोणी बोलून राहिलं, म्हणजे हे उठले. इकडंच येतील — मले शोधाले नाही, ताई, मले कधी शोधत नाहीत, मी कुठं बसते ते माहीत आहे त्यांना. तुम्ही निघा. पराग खाली गाडीजवळ आहे, पाहिला मी. लिफ्ट नको, तिले वेळ लागते, या जिन्यानं जा. पदर सांभाळा. जा नं, ताई. जा.

अहो? इथं आहे. कोणी नाही, मी एकटीच बसली होती. चला.