पडद्यावरचं ते गळ्याचं चित्र

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे माननीय संचालक, व्यासपीठावरील सन्माननीय विभागप्रमुख, अणुवैद्यक विभागातले माझे सर्व सहकारी, सकाळपासून खुर्च्या मांडून आता मागे उभे असलेले आमचे कर्मचारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि पहिल्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसलेले माझे यजमान, आपणा सर्वांना नमस्कार.

हा माझा तिसरा निरोप समारंभ आहे. पहिल्या वेळी मुदतवाढीची घोषणा केक कापून झाल्यावर झाली होती. दुसऱ्या वेळी केक कापायच्या आधी. आज तर संचालकांनी केकची वाटसुद्धा पाहिली नाही. प्रास्ताविकातच त्यांनी सांगून टाकलं, की मॅडम कुठेही जात नाहीत, त्या आता मानद सल्लागार आहेत आणि तळघरातली त्यांची खोली त्यांचीच राहणार आहे. आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्या प्रेमाबद्दल मी ऋणी आहेच. पण टाळ्या चालू असताना माणसाने नाही कसं म्हणायचं, हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही. एका बाजूला संचालक, दुसऱ्या बाजूला पुष्पगुच्छांचं टेबल, पायात माइकची वायर. उठून जायचं म्हटलं तरी वाट कुठे आहे?

वर संचालक हसत म्हणाले, "घरची परवानगीही घेतलेली आहे बरं का." आणि खाली आमच्या ह्यांनी मान डोलावली. म्हणजे सगळ्यांना विचारून झालं होतं. राहिले होते ती मी एकटीच.

असो. मला माझ्या वाटचालीविषयी बोलायला सांगितलं आहे. बाहेरच्या पाहुण्यांसाठी आधी आमच्या विषयाबद्दल थोडं सांगते. क्ष-किरणांत उजेड बाहेरून आत टाकतात. आम्ही तो रुग्णाच्या आतच सोडतो आणि बाहेर बसून बघतो. साखरेसारखं एक औषध असतं, त्याला किंचित किरणोत्सार जोडलेला असतो. शरीरात जिथे जास्त काम चाललेलं असेल तिथे ते जाऊन बसतं, आणि चित्रात ती जागा उजळते. हे औषध सकाळी तयार होतं आणि तयार झाल्या क्षणापासून कमी व्हायला लागतं. शिशाच्या पेटीतून ते आमच्यापर्यंत येतं तेव्हा वाटेतच थोडं संपलेलं असतं. त्यामुळे आमच्याकडे 'जरा थांबा, आलेच' असं म्हणायची सोय नाही. सकाळ नावाची गोष्ट मी नोकरीला लागल्यापासून फारशी पाहिलेली नाही. खिडकी तर आमच्या तळघराला नाहीच. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे आम्हाला रुग्णांच्या चपलांवरून कळतं.

इंजेक्शन दिलं की रुग्णाने एका खोलीत एकट्याने पडून राहायचं. औषध अंगात भिनेपर्यंत बोलायचं नाही, चघळायचं नाही, फोन नाही. जो स्नायू राबेल तो उजळेल आणि चित्र फसवं येईल. जवळ कुणी बसायचं नाही, कारण रुग्णच थोडा वेळ किरणोत्सारी झालेला असतो. आम्ही बाहेरून कॅमेऱ्यावर बघतो. चित्र दिसतं, आवाज येत नाही. लागलंच तर हाताशी घंटा असते. त्या दारांवर 'बोलू नये' अशी जी पाटी आहे ती माझी. त्या पाटीमुळे मला विभागात 'चूप मॅडम' म्हणतात. कळतं मला. शिशाच्या भिंती किरण अडवतात, कुजबुज अडवत नाहीत.

मघाशी संचालकांनी मागच्या पडद्यावर एक चित्र दाखवलं. मानेच्या मधोमध दोन ठिपके, निखाऱ्यासारखे. इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे चित्र पाहिलेलं आहे. परीक्षेत विचारतात, गाठ की बडबड? उत्तर असतं बडबड. स्वरयंत्राचे स्नायू. आमचं सगळं काम या प्रश्नाभोवती फिरलं. बोलल्याने गळा उजळतो हे आम्हीच शोधलं असं मुळीच नाही, ते आधीही माहीत होतं. ते आजारापासून वेगळं कसं ओळखायचं, यावर आम्ही वर्षानुवर्षं डोकं लढवलं. त्यातून नाव झालं, हे पद मिळालं, आणि आजची ही उंच पाठीची खुर्चीही मिळाली.

चित्राखाली फक्त 'स्त्री, वृद्ध' असं लिहिलेलं आहे. रुग्णाची ओळख सांगायची नाही हा आपला नियम आहे, आणि तो मी कधी मोडला नाही. आज मोडते, कारण आता तक्रार करणारं कुणी उरलेलं नाही. ती माझी आई.

तिचा आजार बरा होऊन काही काळ लोटला होता आणि तो परत आलेला नाही ना, एवढं बघायचं होतं. इंजेक्शन मीच दिलं. दार लावलं आणि नियमाप्रमाणे बाहेर कॅमेऱ्यापाशी बसले. थोड्या वेळाने पाहिलं तर आई छताकडे बघत बोलतेय. ओठ हलतायत, मध्येच हात हलतोय, एकदा तर ती हसलीसुद्धा. म्हातारी माणसं पुटपुटतात, असं म्हणून मी पुढच्या रुग्णाच्या तयारीला लागले. चित्र आलं ते तुम्ही पाहिलंच आहे. बाकी सगळं स्वच्छ, आणि गळा पेटलेला. आमच्या तेव्हाच्या निवासी डॉक्टरांनी शंका लिहिली, गळ्यातला तुकडा तपासायला पाठवावा. त्या आज आमच्या उपप्रमुख आहेत, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि ते चित्र कुणाचं होतं हे त्यांना आत्ता कळतंय. बाई गं, तुझी शंका बरोबरच होती. त्या वयात तशी शंका यायलाच हवी.

मी आईला विचारलं, आत कुणाशी बोलत होतीस? ती म्हणाली, "तुझ्याशीच की. तू बघत होतीस ना? म्हटलं, आज हिला मधेच कुणी हाक मारून नेणार नाही. मनातलं सगळं सांगून टाकावं."

मी तिला सांगायला लागले, की अगं, त्या कॅमेऱ्यातून आवाज येत नाही. तेवढ्यात मला हाक आली. पुढच्या रुग्णाचं औषध कमी होत होतं. मी गेले.

गळ्याची तपासणी झाली नाही, गरजच नव्हती. आई नंतरही बरीच वर्षं व्यवस्थित जगली. मी कितीदा विचारलं, त्या दिवशी काय सांगितलंस? ती म्हणायची, "आता एकदा सांगितलं ना. पुन्हा पुन्हा काय तेच?" ती शेवटपर्यंत बधली नाही. जाताना ते बरोबर घेऊन गेली.

आणि मी काय केलं? दारावर पाटी लावली. 'बोलू नये.' शास्त्राच्या दृष्टीने पाटी योग्यच आहे, ती काढू नका. पण आज पडद्यावर तो गळा पुन्हा दिसला, सभागृह टाळ्या वाजवत होतं, आणि मला इतकं कोंडल्यासारखं झालं की काय सांगू. आई त्या खोलीत आडवी होती तशी मी इथे बसले होते. सगळे मला बघत होते आणि कुणालाच ऐकू येत नव्हतं.

आता थोडं आमच्या ह्यांच्याविषयी. यांच्या पिशवीत काय आहे ते सांगते. माझा डबा आहे. मागच्या दोन्ही निरोपांनंतर मी उरलेले रुग्ण संपवायला खाली गेले होते, म्हणून त्यांनी आजही डबा आणला. आज सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, उद्यापासून काय करशील? मी गप्प राहिले. सवयच ती. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की हिचा जीव तळघरात अडकलाय, आणि संचालकांचा फोन आल्यावर भल्या मनाने हो म्हणून टाकलं. त्यांचा काही दोष नाही. आवाज नसलेल्या चित्रावरून निदान केलं की असं होतं, हे मी जन्मभर शिकवत आले.

म्हणून आज आवाजासकट सांगते. संचालक महोदय, आपला मान ठेवून सांगते, सल्लागारपद मला नको. माझी खोली उपप्रमुखांना द्या. त्या माझ्या निरोपांची वाट पाहून थकल्या असतील. उद्या सकाळी मी येणार नाही, परवाही नाही. आणि अहो, तुम्ही दिलेली परवानगी तेवढी परत घ्या. मला तुमच्याजवळ बसायचं आहे. मधे कॅमेरा नको, कुणाची हाक नको. मनातलं सांगायचं आहे, तुमचं ऐकायचं आहे, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा विचारलं तर कुरकुर न करता पुन्हा सांगायचं, एवढी माझी अट आहे.

हे पिशवी घेऊन उभे राहिले आहेत. बसा हो, दोनच मिनिटं. डबा आज बाहेरच्या बाकावर खाऊ.

संस्थेचे, आमच्या विभागाचे, आणि माझ्या सांगण्यावरून जे तासन्‌तास गप्प पडून राहिले त्या सर्व रुग्णांचे मी मनापासून आभार मानते. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल, अध्यक्षांचा अवमान झाला असेल, तर उदार मनाने पोटात घाला. आणि आत्ता या क्षणी माझं चित्र काढलंत, तर गळा पेटलेला दिसेल. त्याला रोग समजू नका, एवढीच विनंती. नमस्कार.