बस तिथेच, ओव्हनजवळ

बस तिथेच. — नाही, रजया उलटायला गच्चीवर जायचं नाही. सकाळी पसरल्यात ना उन्हात? मग पडू देत की, पळून जाणार आहेत का त्या? एक बाजू गार राहिली म्हणून कुणी आजारी पडत नाही. तुझं काम उद्याच्या पावासाठी बेदाण्यांचे देठ काढायचं, आणि ते इथे, या स्टुलावर, माझ्याकडे तोंड करून. किती वेळा सांगायचं गं तेच तेच? धाकटी जाऊ म्हणून आलीस या घरात, पण तोरा असा, जशी काही थोरली तूच. खिडकीजवळ उजेड आहे म्हणे! देठ काढायला कसला उजेड लागतो? मी तर डोळे मिटून काढायचे. आणि ती खिडकी मी मुद्दाम लावलीय, गार वारा येतो. कालपर्यंत घामाने जीव नकोसा झाला होता आणि आज एका रात्रीत थंडी — सगळी कामं अंगावर. स्वेटर बाहेर, पातळ चादरी आत, फटींत कागद कोंबा, आणि वर हा केक.

हा केक आज नीट निघाला पाहिजे. का, ते तुला मी सांगायला नको, काल जेवताना समोरच बसली होतीस — सासूबाई बोलल्या तेव्हा मान खाली होती तुझी, पण ओठ हसत होते, मी बघितलं. मावशी यायच्यात संध्याकाळी. त्यांच्यासमोर केक करपला नाहीतर कच्चा निघाला, तर उद्यापासून ओव्हन धाकटीकडे. सगळ्यांदेखत म्हणाल्या! यांनी तरी काही बोलावं? हे आपले आमटी वाढून घेतायत. आणि मी काय करायचं मग, पडदे धुवायचे? लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात मला कुणी विचारलं असेल तर ते या ओव्हनमुळे — वहिनी आज काय केलंय, वहिनी पाव झाला का. नाहीतर मी आहे की नाही हे कुणाच्या ध्यानातसुद्धा नसतं.

घड्याळाकडे काय बघतेस? उन्हाळ्यातला वेळ थंडीत चालत नाही, बाईसाहेब. उन्हाळ्यात पीठ नुसतं झाकून ठेवलं तरी फुगून भांड्याबाहेर येतं, आणि आता त्याच भांड्याला जुन्या स्वेटरात गुंडाळून उशाशी घ्यावं लागतं. ओव्हनचं तेच. हा जुना पत्रा, तापेल तेव्हा तापेल. — दार उघडून बघू? शाबास! गार हवा आत गेली की केक मधोमध बसलाच म्हणून समज, मग तो खड्डा मावशींना दाखव. दाराला काच नाही, उष्णतेचा काटा मोडलाय, इथे वासावरच सगळं असतं. आधी नुसत्या पिठाचा वास येतो, मग लोण्याचा, मग साखर जरा तांबूस व्हायला लागली की असा एक वास यायचा, काय सांगू तुला — येतो. यायचा म्हणाले का मी? येतो! शब्द धरत बसू नकोस माझे.

माझं नाक चांगलं शाबूत आहे. बिस्किटांना डांबरगोळ्यांचा वास आला, तेच ना तुझ्या मनात? लोकरीच्या ट्रंकेतल्या गोळ्या कुठेतरी ठेवायच्या होत्या, पिठाच्या डब्यात ठेवली पुडी घटकाभर, आणि राहिली. बिस्किटं भाजली तरी मला कसं कळणार — म्हणजे पुडी बंद होती! सासूबाईंना मी सांगितलं, धाकटीने ठेवली. मग काय सांगायचं होतं? तू नवी, तुला चार शब्द बसले आणि संपलं. रडलीस रात्री, ऐकू आलं भिंतीपलीकडून. रडून काय होतं? माझ्यावर शेकलं असतं तर तेव्हाच गेला असता हा ओव्हन.

आणि माहेरी जायला तुला बरोबर तेवढाच आठवडा मिळाला! पाव करपले त्या दिवशी मी इथेच बसले होते. डोळे उघडे, ओव्हनकडे तोंड. दाराच्या फटीतून धूर दिसला तेव्हा उठले, तोपर्यंत कोळसा. भावजी खाकरत आले, म्हणाले, वहिनी, बाहेरच्या फाटकापर्यंत वास येतोय! मी म्हटलं, डोळा लागला. झोपाळू म्हणाले लोक, म्हणू देत. तू असतीस तर झालं नसतं. तू बसतेस, देठ काढतेस, आणि मधेच तुझ्या नाकपुड्या हलतात, मान वर होते — तुला स्वतःला कळतसुद्धा नाही. तेवढं दिसलं की मी उठते आणि काढते बाहेर. मला तो ताप येऊन गेला, त्यानंतर सगळे पाव असेच काढलेत मी. आणि तू नवऱ्याला सांगतेस, थोरली छळते, दिवसभर समोर बसवून ठेवते! अगं, मला काय हौस आलीय सगळी दुपार तुझं तोंड बघत बसायची?

...हे कशाला बोलले मी. तुझ्यामुळे, तू अशी गप्प बसतेस म्हणून माणूस बडबडत सुटतं. कुणाला सांगितलंस तर याद राख. डॉक्टर म्हणाला वास येईल परत, कधी ते त्यालाही ठाऊक नाही. साबणाचा येत नाही, पावसाचा आला नाही, यांच्या शर्टाचा येत नाही — शेजारी कोण झोपलंय तेच कळत नाही कधीकधी. भीती वाटते गं मला. तुला काय त्याचं! तुला आयता ओव्हन मिळायचाय.

देठ का थांबले? हात चालव. — आणि तिकडे काय आहे भिंतीवर? इकडे कर तोंड. बराच वेळ झाला, होत आला असेल, नाही? का अजून पीठच आहे आत? काढू का? नुसतं हो नाहीतर नाही म्हण, एवढं तर येतं ना बोलायला. — शाल कशाला ओढलीस नाकावर? थंडी वाजते? ओव्हनजवळ बसून थंडी वाजते तुला? खाली घे ती. हसतेस का आत? खाली घे म्हणते ना. अगं... बघू दे ना गं मला.