तपकिरी पर्सचा चोरकप्पा

पोलीस ठाणे, कॉर्डेल स्प्रिंग्ज, मिसूरी
दिनांक २६ एप्रिल २०२४, शुक्रवार, दुपारी २ वाजून १० मिनिटे
लिहून घेणार : सार्जंट मॉरीन यान्सी

नाव : एल्डन रे प्रुइट. वय : ६९ वर्षे. शिक्षण : स्थापत्य शाखेची पदवी. व्यवसाय : काउंटीच्या भूमापन खात्यातून निवृत्त. राहणार : ४१८, सिकॅमोर लेन. विधुर.

मी आज कोणी न बोलावता ठाण्यात हजर राहून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. माझी पत्नी नेडा हिचे ४ फेब्रुवारी रोजी, रविवारी, चर्चमधून घरी आल्यावर मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले. आमच्या विवाहाला एकेचाळीस वर्षे झाली होती. मूलबाळ नाही. तिच्या मृत्यूचा या प्रकरणाशी संबंध नाही. विचारण्यात आले म्हणून नमूद केले.

काल, गुरुवारी, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी सार्जंट यान्सी यांनी मला फोनवर कळवले की, डारला स्टिगॉल, वय २९, हिच्या पर्समध्ये काउंटी न्यायालयाच्या दारातील तपासणी यंत्रावर भरलेले पिस्तूल दिसले व तिला तिथेच अटक झाली. पर्स आपण मागच्या शनिवारी चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत घेतली, आत असे काही आहे हे माहीत नव्हते, असे तिचे म्हणणे होते. ती पर्स मी दान केलेल्यांपैकी असल्याचे चर्चकडून समजले होते. पिस्तूल माझ्या पत्नीचे असू शकेल काय, असे मला विचारण्यात आले.

मी उत्तर दिले ते असे : "नाही. माझ्या पत्नीकडे पिस्तूल नव्हते. असते तर मला माहीत असते. सगळ्या पर्स मी स्वतः रिकाम्या केल्या आहेत."

या उत्तरामुळे डारला स्टिगॉल हिचे म्हणणे खोटे धरले गेले. तिला रात्र कोठडीत काढावी लागली. ती न्यायालयात गेली होती ती आपल्या दोन मुलींच्या ताब्याच्या सुनावणीसाठी. ती सुनावणी तिच्या गैरहजेरीमुळे पुढे ढकलली गेली. मुली सध्या वडिलांकडे आहेत. नवी तारीख सोमवार, २९ एप्रिल, सकाळी नऊ ही आहे. माझे कालचे उत्तर चुकीचे होते. ते सोमवारच्या आत दुरुस्त व्हावे म्हणून हा जबाब देत आहे.

पर्सबाबत सांगतो की, १९ एप्रिल रोजी मी पत्नीच्या पर्स कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या व प्रत्येकीचे कप्पे तपासले. तपकिरी चामड्याच्या पर्समध्ये कागदी रुमाल, दोन पेने, चष्म्याची काच पुसण्याचे फडके आणि पेपरमिंटच्या चार गोळ्या मिळाल्या. नंतर सर्व पर्स एकाच खोक्यात भरून चर्चमध्ये नेल्या. खोके जड होते. त्यात तपकिरी पर्सचा वाटा किती, हे मी वेगळे पाहिले नाही.

सार्जंट यान्सी यांचा फोन संपल्यावर मी घर तपासण्यास सुरुवात केली. आमच्या खात्यात रिवाज असा की, एखाद्याने मोजणीवर हरकत घेतली तर कागद बघत बसायचे नाही, जागेवर जाऊन पुन्हा मोजायचे. मी ते उत्तर देण्यापूर्वी करायला हवे होते. सायंकाळी पाच वाजता पत्नीच्या शिवणाच्या कपाटात, गोधडीत भरायच्या कापसाच्या लादीखाली, मला करड्या प्लॅस्टिकची एक पेटी मिळाली. पेटी रिकामी होती. आतल्या फोममध्ये पिस्तुलाच्या आकाराची खाच होती. झाकणावर हॉलिस बर्डेट यांच्या बंदुकीच्या दुकानाची चिठ्ठी होती. मी लगेच ठाण्यात फोन केला. सार्जंट यान्सी कामावरून गेल्या होत्या. मी निरोप ठेवला.

आज सकाळी नऊ वाजता, दुकान उघडतानाच, मी बर्डेट यांच्याकडे गेलो. ते अंदाजे साठ वर्षांचे आहेत. पूर्वी ओळख नव्हती. मी पेटी काउंटरवर ठेवून नाव सांगितले.

ते म्हणाले, "मिस नेडाचे यजमान का तुम्ही? या, बसा. फार वाईट झालं हो. मी आलो होतो चर्चमध्ये, अंत्यविधीला. मागच्या बाकावर होतो."

मी त्यांना पाहिले नव्हते. त्या दिवशी मी मागे वळलो नव्हतो.

पिस्तूल ११ फेब्रुवारी २०२३ रोजी पत्नीच्या नावे विकल्याची नोंद त्यांनी दाखवली. पेटीवरील क्रमांक व नोंदीतील क्रमांक एकच आहे. जप्त पिस्तुलाचा क्रमांकही तोच असल्याचे आज येथे मला दाखवण्यात आले. तपासाला एवढे पुरेसे आहे. परंतु मी बर्डेट यांना आणखी प्रश्न विचारले. ते जबाबात घ्यावेत काय, असे विचारता सार्जंट यान्सी म्हणाल्या, "सांगा सर, मी टाईप करते. कागद खूप आहेत." म्हणून सांगतो.

मी विचारले की, तिने हेच का निवडले.

बर्डेट म्हणाले, "तीन फेऱ्या मारल्या त्यांनी. माझी बायको मोटार याच्याहून लवकर घेते. पहिल्या दिवशी मी आपलं नेहमीचं केलं. बाईमाणूस आलं की सगळ्यात बारकं काढायचं, तळहातात मावेल असं. त्यांनी हातात घेतलं, चष्म्यावरनं माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, 'मिस्टर बर्डेट, हे एवढुसं आहे, मग झटका पण एवढुसाच का?' म्हटलं, नाही मॅम, उलट. जेवढं हलकं तेवढा झटका जास्त. धरायलाच काही नसतं ना. तर म्हणाल्या, 'मग बायकांना हेच का दाखवता?' आता काय सांगणार? चाळीस वर्षं दाखवतोय."

नंतर त्यांनी तिला रिव्हॉल्व्हर दाखवले. ते सोपे असते, पण चाप कडक असतो. तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात होता. घरातील बरण्यांची झाकणे मी उघडून देत असे. तो चाप तिला दोन बोटांनीही ओढता आला नाही.

बर्डेट म्हणाले, "दुसऱ्या फेरीला कागद घेऊन आल्या. पट्टीनं रेघा मारलेल्या, रकाने पाडलेले. वरचा भाग त्या अंगठ्यानं मागे ओढता आला पाहिजे. सुरक्षेचा खटका बाहेर पाहिजे आणि चष्म्याशिवाय दिसला पाहिजे. कोटाखालून, पर्समधून दिसता कामा नये. आणि चारशे डॉलरच्या आत. मी म्हटलं, मॅम, चारशेत यातलं निम्मं मिळेल. म्हणाल्या, 'कपडे धुवायचं यंत्र घेतलं तेव्हाही दुकानदार हेच म्हणाला होता. अजून चालतंय.'"

यंत्र अजून चालते, हे मी त्यांना सांगितले.

"एक गुलाबी मुठीचं होतं स्वस्तात. ते पुढं केलं. म्हणाल्या, 'मला खेळणं नको, आणि कुणी माझ्यासमोर हसत हसत मरावं असंही नाही.' दुकानात दोघं गिऱ्हाईक होते, ते खोकत बाहेर गेले."

शेवटी तिने पॉइंट तीन-आठ-शून्य मापाच्या गोळीचे, मध्यम आकाराचे, सैल स्प्रिंगचे पिस्तूल निवडले. ते सर्वांत लहान नव्हते. दुकानातील नेमबाजीच्या सरावाच्या गल्लीत तिने पन्नास गोळ्या झाडून पाहिल्या व मगच होकार दिला. किंमत तीनशे एकोणनव्वद डॉलर. त्यापूर्वी तिने आणखी एक चाचणी घेतली होती, ती बर्डेट यांनी सांगितल्यावर माझ्या ध्यानात आली. पिस्तुलाचे भरलेले वजन विचारून घेऊन तिने तितकेच राजम्याचे दाणे पिशवीत बांधून आठवडाभर पर्समध्ये वागवले, खांदा दुखतो का ते पाहायला. जानेवारी २०२३ मध्ये तिच्या पर्समध्ये राजम्याची पिशवी मी पाहिली होती. विचारले असता "चर्चसाठी आहेत" असे तिने सांगितले. मी पुढे काही विचारले नाही.

मी म्हणालो की, पर्स मी तपासली होती. त्यावर बर्डेट यांनी, तिने त्यांच्याकडूनच घेतली होती तशीच एक पर्स भिंतीवरून काढून माझ्यापुढे ठेवली व म्हणाले, "शोधा."

मी दोन्ही बाजू, तळ व सर्व चेन पाहिल्या. मला काही सापडले नाही. घड्याळाप्रमाणे तीन मिनिटे गेली.

बर्डेट म्हणाले, "अहो, तुम्हाला सापडत नाही म्हणूनच तर खपतात या." त्यांनी कडेच्या शिवणीवरची चामड्याची पट्टी उचलली. खाली चेन होती. आत, दोन अस्तरांच्या मध्ये, चोरकप्पा होता. त्यात शिवलेले म्यान होते, त्यामुळे पिस्तूल हलत नाही व बाहेरून लागत नाही.

मी विचारले की, तिला कसली भीती होती.

ते म्हणाले, "भ्यालेल्या बायका मी रोज बघतो. या तशा वाटल्या नाहीत. चिडलेल्या होत्या थोड्या."

पत्नी मंगळवारी व शुक्रवारी वृद्धांना घरपोच दुपारचे जेवण नेऊन देत असे. हे मला माहीत होते. पुढचे बर्डेट यांच्याकडून कळले. खाणीपलीकडच्या खडीच्या रस्त्यावर एका माणसाने दोनदा आपली गाडी आडवी घालून तिला थांबवले होते. तिने हे जेवण पाठवणाऱ्या केंद्राला कळवले. केंद्राने तो रस्ताच यादीतून वगळला. रस्त्याच्या शेवटी एक शहाऐंशी वर्षांचे गृहस्थ राहतात. त्यांचे जेवण बंद झाले. तेव्हापासून ती आपल्या घरचे जेवण घेऊन स्वतःच्या जबाबदारीवर तिथे जात होती. घरी डबे जास्त भरले जात होते, हे मी पाहिले होते.

बर्डेट यांनी तिला म्हटले होते की, एकदा यजमानांना घेऊन या, त्यांनाही दाखवू. त्यावर ती म्हणाली, "त्यांना सांगितलं तर ते म्हणतील, जाऊ नकोस. आणि मी ऐकेन."

हे बरोबर आहे. मी तसेच म्हटले असते.

तो माणूस पुन्हा आडवा आला काय, हे बर्डेट यांना माहीत नाही. पिस्तूल तिने दुकानाबाहेर कधी पर्समधून काढल्याचे त्यांच्या ऐकिवात नाही. महिन्यातून एका शनिवारी ती सरावाला येत असे. त्या शनिवारी ती बहिणीकडे जाते, असे मी समजत होतो.

तिथून मी सकाळी साडेदहाला चर्चमध्ये मिस ओपल ट्रॅमेल यांना भेटलो. विक्रीचे काम त्यांच्याकडे असते. त्या म्हणाल्या, "एल्डन, आम्ही प्रत्येक पर्स उलटी करून झटकतो रे. मागच्या वर्षी एकीतनं कवळी निघाली होती. पण शिवण कोण उसवून बघतं?" तपकिरी पर्स त्यांनी स्वतः डारला स्टिगॉल हिला विकली आणि त्या वेळी तिने आतले कप्पे उघडून पाहिले होते, असे त्या शपथेवर सांगण्यास तयार आहेत.

आज ठाण्यात आलो तेव्हा जामिनावर सुटलेली डारला स्टिगॉल बाहेरच्या बाकावर आपल्या कागदांची वाट पाहत बसली होती. मी नाव सांगितले.

ती म्हणाली, "म्हणजे 'असतं तर मला माहीत असतं' ते तुम्हीच."

मी होय म्हणालो व माझी चूक झाली असल्याचे सांगितले.

ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या वकिलाला पाठ झालंय ते वाक्य. काल कोर्टात तीनदा म्हणून दाखवलं म्हणे त्यानं." मग म्हणाली, "जड लागत होती ती. मला वाटलं, खरं चामडं असणार. जजसमोर जायचं, तर हातात काहीतरी बरं असावं म्हणून घेतली. नाहीतर मी कापडी पिशवीच वापरते."

मी तिला सांगितले की, चामडे खरे आहे.

सबब माझे म्हणणे असे की, जप्त पिस्तूल माझ्या मयत पत्नीचे आहे. ते तिने रीतसर खरेदी केले होते. मी ते नकळत पर्ससह दान केले. डारला स्टिगॉल हिला त्याची माहिती असण्याचे काही कारण नव्हते. काल रात्रीच्या कोठडीस माझे उत्तर कारण झाले. या जबाबाची प्रत सोमवारच्या सुनावणीपूर्वी न्यायाधीशांस मिळावी. मी स्वतः त्या दिवशी साडेआठपासून न्यायालयात हजर राहीन व विचारतील त्याचे उत्तर देईन.

पिस्तूल मला परत नको. पर्स मात्र डारला स्टिगॉल हिने विकत घेतलेली असून तिची आहे. ती सोमवारपूर्वी तिला परत द्यावी, अशी मी विनंती केली. सार्जंट यान्सी म्हणाल्या, "पुरावा आहे, सर. महिनाभर तरी सुटणार नाही."

त्यावरून सांगतो की, पत्नीची एक काळी पर्स मी चर्चला दिली नव्हती. ४ फेब्रुवारीच्या सकाळी तिच्या हातात होती ती. चामडे चांगले आहे. स्वयंपाकघरात खुर्चीच्या पाठीला अडकवलेली आहे. मी ती अद्याप उघडलेली नाही. उद्या सकाळी दहा वाजता सार्जंट यान्सी घरी येतील, त्यांच्यासमोर शिवणींसह तपासून, रिकामी करून, सोमवारपूर्वी डारला स्टिगॉल हिच्या हाती देईन. असे मी तिला बाहेर जाऊन सांगितले आहे. तिने होकारार्थी मान हलवली.

हा मजकूर सार्जंट यान्सी यांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. त्यात काही कमी करावयाचे नाही. खाली सही करतो.

एल्डन रे प्रुइट
दुपारी ३ वाजून ३५ मिनिटे