आत कायच नाय

मालवण स्टँडवर विनीता मसुऱ्याच्या गाडीची वाट बघत होती. त्याच गाडीसाठी मागच्या बाकावर एक नवरा-बायको येऊन बसली.

"लॅपटॉप खंय ठेवलात?" बायकोने विचारलं.

"दुकानात दिलंय. सगळ्यांच्यार विंडोज दिसता, आपलो पडदो येगळोच. बिघाडलो असतलो."

"बिघाडूक नाय. आपल्या झीलान मुद्दाम लिनक्सवालो घेतल्यान, स्वस्त पडता म्हणान."

"माका काय म्हायत? दुकानवालो म्हणालो, सगळा पुसून विंडोज घालतंय. आत काय आसा काय, म्हणान इचारल्यान."

"तुमी काय सांगलात?"

"नवो आसा, आत कायच नाय."

बाई नवऱ्याकडे वळली. विनीताने हातातला फोन मांडीवर ठेवला.

"माझ्या बापाशीची दशावतारातली गाणी त्यातच आसत."

"क्यासेटी होत्यो मा?"

"झीलान लॅपटॉपात भरल्यार त्यो तुमीच जाळलात. बुरशी इली म्हणान."

"थांब, फोन लावतंय. पुसू नको म्हणान सांगतंय."

घंटी बराच वेळ वाजत राहिली. मग स्पीकरवर एक उत्साही आवाज आला.

"बोला काका. तुमचंच काम करत होतो. झालं, एकदम कोरा केलाय. घेऊन जा."

मसुऱ्याची गाडी लागली. विनीतासकट तिघांपैकी कुणीच उठलं नाही.