भिकू आज खेळणार

वडखळच्या थांब्यावर दोघेजण रोह्याच्या एसटीची वाट बघत बोलत होते. शेजारी एक बाई पिशवी घेऊन उभी होती.

“चार वर्सांनी भिकू कबड्डीला उतरतोय. आज रोह्याचा कप आपलाच!”

“येडा हायस. मागं पकडीत दम तुटला, तरी समोरच्या टीमनं सोडला नाय. छाती धरून पडला व्हता.”

“नाटक रे!”

“डॉक्टरनी खेळू नको म्हनून बजावलंय.”

“डॉक्टर चढाई करनार हाय काय?”

“कुठला भिकू?” बाईने विचारलं.

“डोलवीच्या कंपनीतला. वळखता, ताई?”

“मी बायको त्याची. मला म्हनाला, शिफ्टला चाललोय.”

बाईने घड्याळात बघितलं.

“सामना सुरू झाला आसंल?”

“व्हय. गाडीच लेट हाय.”

“पयली चढाई कोन करतो?”

“तोच, ताई.”