कवडूनं सरांना काय सांगितलं

मयुरा : अहो बाबा, ते पोतं ठेवा न बाजूले! माहा पेपर लागला!

कवडू : कोणता पेपर वं? परीक्षा त झाली न तुही?

मयुरा : परीक्षेचा नाही, मिरचीचा! दिवाळीपासून तुम्ही मोबाईलवर फोटो पाहून सांगत होते न, ही एक नंबर, ही दोन नंबर, ही रंग उडालेली फटकी, फेका? चार हजार फोटो! त्याच्यावरून माहा कम्प्युटर मिरची निवडाले शिकला. लिस्बनच्या कॉन्फरन्सनं घेतला तो पेपर!

कवडू : म्हणजे आपल्या लकडगंज बाजारातली मिरची परदेशातले लोकं पाहतीन?

मयुरा : मीच दाखवणार, स्टेजवर उभी राहून! अन् शेवटी आभारात तुमचं नाव हाये.

कवडू : माहं? इंग्रजीत? अरे बाप रे! थांब, गल्ल्यावर शेठले सांगून येतो.

मयुरा : थांबा. आधी सांगा, मंगळवारी माह्या कॉलेजच्या सुमंत सरांचा फोन आला होता तुम्हाले?

कवडू : आला होता न. मोठा गोड माणूस. म्हणे, मयुराच्या प्रवासाचं घरून किती होईन? मी म्हटलं, सर, काही काळजी नका करू, सगळं होते.

मयुरा : सगळं? अडीच लाख लागते, बाबा!

कवडू : मग काय सांगू? दुकानात चार गिऱ्हाईक, शेठ, रुपराव हमाल, सारे कान देऊन बसले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मयुरा : सव्वा लाखात नाही भागत न पण! कॉन्फरन्सवाले विद्यार्थ्यायच्या प्रवासासाठी पैसे बाजूले ठेवते. त्याले सरांचं पत्र लागते. अन् सरांनी तुमच्या भरवशावर लिहून टाकलं, घरची सोय आहे. पाच वाजता फॉर्म बंद होते. सव्वाचार झाले!

कवडू : तूच सांग न सरांले.

मयुरा : सांगतलं. ते म्हणते, वडील स्वतः बोलले, आता बदलायचं त त्यांनीच सांगावं.

कवडू : नाही वं माय. ज्या तोंडानं होते म्हटलं, त्याच तोंडानं हात पसरू? लोकायच्या पैशानं जाशीन तू?

मयुरा : तुमचं भजन मंडळ उमरेडले बोलावते, खंजिरी घेऊन जाता तुम्ही. गाडीभाडं कोण देते?

कवडू : बोलावणारे देते. देतीनच न!

मयुरा : ती भीक असते?

कवडू : भीक काहून? मान असते तो.

मयुरा : मग हाही मानच हाये. मले बोलावून राहिले ते, बाबा! मी मागायले नाही गेली, माह्या कामानं बोलावणं आणलं. अन् मले जायचं हाये. लई जायचं हाये.

कवडू : ...वकीलच व्हाची होती तू. लाव फोन.

मयुरा : चला, बाहेर जाऊ.

कवडू : नाही. इथंच लाव. यायच्यासमोरच फुशारकी मारली होती.

(शेठ, रुपरावांसमोरच मयुरा फोन लावून देते. पलीकडे घंटी वाजते.)

कवडू : हॅलो, सर? मी मयुराचा बाप, कवडू. ते... मंगळवारी मी चुकीचं सांगतलं, सर. माह्याच्यानं नाही होत. वीस-पंचवीस हजार होतीन, बाकी नाही. पण पोरगी गेली पाह्यजे. तुम्ही तसं लिहून द्या... हो. हो, सर... बरं.

मयुरा : काय म्हणते? बाबा, बोला न!

कवडू : आत्ताच पत्र बदलतो म्हणे. अन् पेपर लागलेल्या पोरायले हे पैसे बहुतेक मिळतेच, फक्त सांगायले लाजू नये म्हणे.

मयुरा : आलं! आलं पत्र! थांबा, फॉर्म पाठवते... गेला! चार चाळीस! रुपरावकाका, गेला फॉर्म! बाबा? अहो, तुम्ही काहून बसले असे?

कवडू : काही नाही वं. आजवर कोणाले काही मागतलं नाही मी. वाटत होतं, मागतलं त जीवच जाईन. काहीच नाही झालं.