एक्केचाळीस गुणांची शाळा

सन्माननीय अध्यक्ष अच्युतराव, आजचे प्रमुख पाहुणे सरदार इंद्रजित सिंगजी, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या शैलजाताई टेंबे, त्यांचे यजमान विनायकराव, मंडळाचे पदाधिकारी, समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या, मराठी सगळं समजणाऱ्या पण उत्तर हिंदीतच देणाऱ्या आमच्या मुलांनो,

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. ‘दहा म्हणजे दहाच, पक्का,’ असंही त्यांनी बजावलं आहे. इंद्रजितजींना मराठी येत नाही. तरी ते गेला अर्धा तास ज्या एकाग्रतेने मान डोलावत आहेत, ते पाहून मंडळाने त्यांना आजीव सभासद करून घ्यावं अशी माझी सूचना आहे. इंद्रजितजी, घबराइए मत, आपकी बुराई नहीं कर रहा. अजून केलेली नाही, एवढंच.

शैलजाताईंना आपण सगळे कशासाठी ओळखतो? गणेशोत्सवातल्या उकडीच्या मोदकांसाठी. नाटकाच्या तालमीत प्रॉम्प्टिंग करता करता ‘अहो, वाक्य तुमचं आहे, मी किती वेळा म्हणू?’ असं सुनावण्यासाठी. त्या इथल्या एका सरकारी मिडल स्कूलमध्ये गणित शिकवतात आणि गेली सहा वर्षं मुख्याध्यापिकेचं कामही बघतात, हे आपल्याला माहीत होतं. पण विचारायला कुणाला वेळ होता? मलाही नव्हता. मला तिथे जावं लागलं ते त्या शाळेला नापास करण्यासाठी.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी केंद्र सरकारचा सांख्यिकी अधिकारी. बदलीवर चंदीगडला आलेला, एयरोसिटीत भाड्याने राहणारा, आणि आकडा म्हणजे ब्रह्म मानणारा. सहावी ते आठवीच्या काही सरकारी शाळांचा दर्जा ठरवायला एक समिती नेमली होती, तिच्यात बाहेरचा माणूस म्हणून मला घेतलं. शंभर गुणांचा छापील फॉर्म होता. नळ, स्वच्छतागृह, हजेरी, वाचन, गणित, शिस्त, सगळ्याला गुण. पंचेचाळीसच्या खाली जी शाळा जाईल तिचे वर्ग मोठ्या शाळेत मिसळायचे, असा विचार चालला होता. विचार वाईट नव्हता. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा होती, मैदान होतं.

मी शाळेत पोचलो तेव्हा दारात शैलजाताई. आठच दिवसांपूर्वी मी यांच्या हातचे सात मोदक खाल्ले होते. मी हसून ‘नमस्कार ताई’ म्हणणार, एवढ्यात त्या म्हणाल्या, ‘नमस्ते नाडगौडा जी, आइए, रजिस्टर इधर रखे हैं.’ आणि पुढचे पाच तास त्या माझ्याशी एक शब्द मराठीत बोलल्या नाहीत. चहासुद्धा विचारला नाही. मला, खरं सांगतो, जरा रागच आला.

त्या रागात मी फॉर्म अगदी चोख भरला. नळाला पाणी नाही: शून्य. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट: एक गुण. हजेरी एकसष्ट टक्के. सातवीच्या वर्गात अडतीस मुलं. बहुतेकांचे आईवडील बांधकामावर नाही तर जवळच्या डेराबस्सीच्या कारखान्यांत. सातवीच्या मुलांनी पाचवीचा उतारा एका मिनिटात वाचायचा, अशी परीक्षा होती. चंदा नावाची एक मुलगी उठली. सहा ओळींचा उतारा. बोट ठेवून, घाम पुसत, एकेक शब्द जोडत तिने चार मिनिटं घेतली. मी फुली मारली. ती खाली बसली आणि अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं, ‘ये तालियाँ किस बात की?’

पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘सर, आज पूरा पढ़ लिया इसने.’

मी शिस्तीचे दोन गुण कापले. परीक्षा चालू असताना टाळ्या वाजवणं नियमात बसत नव्हतं.

बेरीज झाली एक्केचाळीस. शैलजाताईंनी फॉर्म वाचला, खाली सही केली, पेनचं टोपण लावलं, आणि मग पाच तासांत पहिल्यांदा मराठीत म्हणाल्या, ‘आता जेवून जा. उपाशी असाल सकाळपासून.’

मी जेवलो नाही. फॉर्म घेतला आणि निघालो.

घरी आलो. माझी पत्नी कांचन इथे बसली आहे, ती मान हलवते आहे, म्हणजे पुढचं तिलाही आठवतंय. मी तिला सांगितलं, शैलजाताईंची शाळा बहुतेक बंद होणार. तिने विचारलं, ‘मोठी शाळा कुठे आहे?’ मी म्हटलं, ‘चार किलोमीटर. हायवेच्या पलीकडे.’ ती म्हणाली, ‘मग मुली नाही जाणार.’ मी म्हटलं, ‘ते माझ्या फॉर्ममध्ये नाही.’ त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात भाषणस्वातंत्र्य फक्त आमच्या मुलीला, रेवाला होतं. आणि तिने ते वापरलं. म्हणाली, ‘बाबा, आपने टेंबेमावशी को फेल कर दिया?’

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी टेंब्यांच्या घरी गेलो. विनायकरावांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता चहा टाकायला आत गेले. असा समजूतदार माणूस मी या शहरात दुसरा पाहिला नाही.

मी ताईंना म्हटलं, ‘मी पुन्हा एकदा मोजतो. टाळ्यांचे दोन परत दिले की त्रेचाळीस. आणखी दोन कुठेही सापडतील.’

त्या म्हणाल्या, ‘कुठे सापडतील? नळात?’

मी खिशातलं पेन काढलं.

‘हे बघा श्रीपाद, सातवीतल्या पोरांना मी चुकलेलं उत्तर खोडून त्यावर गिरवू देत नाही. त्याच्या खाली नवीन उत्तर लिहायला लावते. तुमचं पान तसंच राहू द्या. नळाला पाणी नाही हे खरंच आहे, तीन अर्ज केलेत मी. चंदा अडखळते हेही खरं आहे.’

‘मग टाळ्या कशाच्या होत्या?’ मी विचारलं.

‘ती मार्चमध्ये आली तेव्हा तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.’

आम्ही सप्टेंबरात बोलत होतो. सहा महिने. मग त्यांनी आतून वह्या आणल्या. शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी काय येतं आणि काय येत नाही, ते त्यांनी त्या त्या तारखेला लिहून ठेवलं होतं. ‘दोन अंकी बेरीज येते, हातचा नाही. बोलत नाही. भावाला घेऊन बसते.’ असं. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या फॉर्ममध्ये ते मागितलेलं नव्हतं. सातवीतल्या अडतीसपैकी सव्वीस मुलं वर्षाच्या मधेच कुठून कुठून आलेली होती.

मित्रहो, मी वीस वर्षं आकड्यांत काढली आहेत. मूल कुठे उभं आहे हे मी मोजलं होतं. ते कुठून चालत आलं, हे मोजायचं असतं, ते मला माझ्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये नाही, त्या रविवारी टेंब्यांच्या दिवाणावर बसून कळलं. चहा गार झाला होता. विनायकरावांनी तो परत नेला आणि दुसरा आणला.

मग मी पंधरा दिवसांची रजा टाकली. रजेचं कारण ‘घरगुती’ असं लिहिलं आणि घरातल्या परिस्थितीकडे पाहता ते खोटं नव्हतं. पहिल्या दिवसाची नोंद असलेल्या मुलांमध्ये शाळेत वर्ष पूर्ण झालेली त्र्याऐंशी मुलं सापडली. एकेकाला घेऊन बसलो. त्यांतली एकाहत्तर मुलं वर्षभरात दोन इयत्ता किंवा त्याहून जास्त पुढे गेली होती. मी आनंदाने ताईंना सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, ‘आणि उरलेली बारा? तीही लिहा. त्यांच्यात माझं काय चुकलं ते मला कळत नाहीये, कुणाला कळलं तर बरंच आहे.’

त्या पंधरवड्यातच, मधल्या सुट्टीत चंदाने मला विचारलं, ‘सर, आपके बच्चे किस स्कूल में हैं?’

मी रेवाच्या खासगी शाळेचं नाव सांगितलं.

‘वो तो बहुत अच्छा है,’ ती म्हणाली. ‘मेरे पापा ने वहाँ की टाइलें लगाई हैं.’

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. अभिमान होता.

आता एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण आपल्यातल्या काहींना वाटतं की मी रेवाला त्या शाळेत घातलं. तशी वदंता मंडळात आहे आणि ती माझ्या फायद्याची असल्यामुळे मी ती खोडली नव्हती. मी तिला तिथे घातलं नाही. कांचनने विचारलं होतं, ‘तुझ्या आकड्यांप्रमाणे शाळा चांगली आहे ना? मग घालूया की.’ मी तीन कारणं दिली. अंतर, बस आणि माध्यम. तिन्ही खरी होती. पण ती सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो, फ्रिजकडे बघत होतो.

पुढे कधीतरी मी हे ताईंपाशी कबूल केलं. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही नाही घातलंत म्हणून ती वाईट ठरत नाही. आणि घातलं असतंत, तर तेवढ्याने चांगलीही ठरली नसती. ती त्या मुलांची शाळा आहे. त्यांना विचारा.’ मला हलकं वाटावं म्हणून त्या तसं म्हणाल्या का? मला माहीत नाही. मला हलकं वाटलं नाही.

समितीची बैठक झाली. अध्यक्ष होते, आज या व्यासपीठावर बसलेले, आमचे इंद्रजितजी. मी एक्केचाळीस गुणांचा फॉर्म तसाच ठेवला आणि त्याच्या खाली एकोणीस पानांची पुरवणी जोडली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली.

‘नाडगौडा जी, ये सब तो फॉर्म में है ही नहीं.’

‘जी, इसीलिए लाया हूँ.’

‘शाळा चांगली आहे म्हणता, मग पास का नाही केली?’ हे त्यांनी अर्थातच हिंदीत विचारलं.

मी म्हटलं, ‘मुख्याध्यापिकेने करू दिली नाही.’

इंद्रजितजींनी चष्मा काढला. तो पुसून परत लावला. मग त्यांनी सगळ्यांसमोर ती एकोणीस पानं वाचायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत वाचली. त्या बैठकीचं जेवण साडेतीनला झालं. बाकीच्या सभासदांनी मला अजून माफ केलेलं नाही. निर्णय झाला: एक वर्षाची मुदत, आणि नळ आधी दुरुस्त करा, मग शाळेला गुण द्या. पुढच्या वर्षी दुसरा माणूस तपासायला गेला. सत्तावन्न गुण. फार नाहीत. पण शाळेतल्या एकशे बारा मुलामुलींपैकी एकाही मुलीला हायवे ओलांडावा लागला नाही. चंदा आज अकरावीत आहे. त्या मागे राहिलेल्या बारा मुलांपैकी चौघांचा पत्ता लागला नाही. त्याचं ताईंना वाईट वाटतं, ते मी पाहिलं आहे.

आता शेवटचं सांगतो. अच्युतरावांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं आहे.

गेल्या महिन्याच्या एकतीस तारखेला ताईंचा शाळेतला शेवटचा दिवस होता. मुलांनी वर्ग सजवला होता. इंद्रजितजी पुष्पगुच्छ घेऊन आले होते, मी शाल घेऊन. दुपारी दीडला कार्यक्रम. एक वाजून वीस मिनिटांनी फाटकात एक बाई उभी राहिली. तिच्याबरोबर दहाअकरा वर्षांची मुलगी. ते लोक आदल्याच दिवशी गोरखपूरकडून आले होते. नाव घालायचं होतं.

नव्या मुख्याध्यापिका तिथेच होत्या. त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या, ‘मॅडम, आज रहने दीजिए. कल मैं देख लूँगी.’

ताई म्हणाल्या, ‘आज तो आई है ये.’

आणि त्या व्हरांड्यात त्या मुलीशेजारी फरशीवर बसल्या. रेशमी साडी, केसांत गजरा, गुडघे दुखतात तरी. तिला विचारू लागल्या, काय काय येतं तुला. मुलगी सुरुवातीला बोलेना. ताई थांबल्या. आम्ही सगळे आत थांबलो. गुच्छातली फुलं माना टाकायला लागली. इंद्रजितजींनी मला हळूच विचारलं, ‘कितना टाइम लगेगा?’ तेवढ्यात बाहेरून त्या मुलीचा आवाज आला. ती मोजत होती. एक, दो, तीन. सत्तावीसला अडली, परत मागे गेली, परत आली, आणि तीसपर्यंत पोचली.

आतून टाळ्या वाजवायला पहिली सुरुवात कुणी केली माहीत आहे? आमच्या समितीच्या अध्यक्षांनी. सरदार इंद्रजित सिंगजींनी. आणि मग मीही.

शैलजाताई, विनायकराव, आपण आता वाईला निघालात. तिथे कृष्णेकाठी निवांत राहणार असं विनायकराव सगळ्यांना सांगत आहेत. ताई मात्र ‘तिथल्या शाळेची वेळ काय असते हो?’ असं कालच कांचनला विचारत होत्या. दोघांना उदंड आरोग्य लाभो.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी दहाची सतरा मिनिटं होऊ दिली, पाहुण्यांनी न कळणारी भाषा एवढ्या प्रेमाने ऐकली, आणि आपण सगळ्यांनी समोर मसालेभाताचा वास येत असताना मला शेवटपर्यंत सहन केलं, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव सुटलं असेल, तर तो दोष माझा. आपण मोठ्या मनाने पोटात घालावा, ही विनंती. नमस्कार.